शेवटच्या नळाचे पाणी

आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो, आणि तोही पहाटे साडेचार ते साडेपाच या वेळात, त्यामुळे त्या रात्री घरातील कोणी ना कोणी कान उघडे ठेवूनच झोपलेले असते. पाणी येण्याआधी तोटीतून हवा येते. आधी एक लांब सुसकारा, मग खोकल्याच्या उबळीसारखे तीन-चार हिसके, आणि मग तांबूस, गढूळ धार. माझ्या सासूबाई ही पहिली धार गुंडात कधीच घेत नाहीत. पहिल्या दोन बादल्या अंगणातल्या कढीपत्त्याला आणि लिंबाला जातात, तिसरी मोरीत ठेवली जाते आणि चौथ्या बादलीपासून पिण्याचे पाणी भरायला सुरुवात होते. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला हा शुद्ध अपव्यय वाटत असे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. धार स्वच्छ दिसू लागली की पाणी घ्यावे, त्यात दोन बादल्या मोजण्यासारखे काय आहे, असे मी एकदा म्हणूनही पाहिले होते. 'लोखंडाचा कस निघून जाऊ दे आधी,' एवढेच उत्तर मिळाले. त्यांचे करणे बरोबर होते आणि त्यामागचे कारण मात्र वेगळे होते, हे समजायला मला बावीस वर्षे आणि घरातील एक कावीळ लागली.

आमचे शहर खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेला हा सुमारे ४.७ लाख हेक्टरांचा पट्टा. नदीने आणून टाकलेल्या गाळाचे थर येथे फार खोल आहेत आणि त्यांत साठलेले भूजल खारे आहे. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही, कारण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून बसतात. त्यामुळे आमच्या प्रत्येक घरात पाण्याचे दोन संसार असतात. बोअरचे खारे पाणी भांडी, कपडे आणि फरशीसाठी, आणि नळाचे गोडे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी. पाहुणा आला तर त्याला मोरीतली कोणती बादली कशाची हे आधी सांगावे लागते, नाहीतर तो खाऱ्या पाण्याने चूळ भरतो आणि चेहरा वाकडा करून बाहेर येतो.

हे गोडे पाणी आमच्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याहून येते. वान, शहानूर यांसारख्या धरणांतून या पट्ट्यातील शहरांना आणि खेड्यांना नळाने पाणी मिळू लागले, त्याआधीच्या गोष्टी सासूबाई अजून सांगतात: नदीच्या पात्रातले झिरे, बैलगाडीवर ठेवलेल्या लोखंडी टाक्या, आणि 'त्या गावात पोरगी देऊ नका, जन्म पाणी वाहण्यात जाईल' असा मुलींच्या आयांनी एकमेकींना दिलेला सल्ला. ज्या पिढीने ते दिवस काढले तिला नळाच्या पाण्याबद्दल तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणा वाटतो, आणि ही भावना मी हलकी मानत नाही. परंतु पाणी गोडे असणे आणि पाणी निर्धोक असणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या गावात इतकी वर्षे पहिल्या गोष्टीच्या आनंदात दुसरीची चौकशी करायची राहून गेली.

गेल्या वर्षी भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आठवडाभर आधी, माझ्या पुतण्याचे डोळे पिवळे दिसू लागले. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, दिवसाला दहा पोळ्या खाणारा मुलगा ताटाकडे पाहून तोंड फिरवू लागला. पंधरा दिवसांत गल्लीत पाच जण झाले. सगळे नालीच्या खालच्या अंगाचे, म्हणजे जलकुंभापासून सर्वांत दूर असलेल्या टोकाचे. दोघे जण कावीळ उतरवून घेण्यासाठी शेजारच्या खेड्यात जाऊन गळ्यात मुळ्यांची माळ घालून आले. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासून हिपॅटायटीस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची कावीळ, असल्याचे सांगितले. समोरच्या काकूंची मुलगी तेव्हा सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. हा विषाणू तरुण माणसाला बहुधा महिनाभर लोळवून सोडून देतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याने जीव जाण्याचा धोका फार मोठा असतो. डॉक्टरांनी हे सांगितले त्याच संध्याकाळी तिला गाडी करून सासरी पोहोचवण्यात आले. ओटी, डोहाळजेवण, सगळे राहून गेले.

त्यानंतर पाण्याचे नमुने घेतले गेले. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक असते आणि तिच्यात आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, म्हणजे पाण्यातील क्लोरीन तेथेच निष्प्रभ होते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो बाटलीत जंतू मारत बसत नाही. नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत तपासणीला लागावा लागतो. हे सर्व व्यवस्थित झाले, हे मी स्वतः पाहिले. अहवाल आला: पिण्यास योग्य. गल्लीत काहींनी सुटकेचा श्वास टाकला, काहींनी अहवाल खोटा असल्याचे ठरवून टाकले. मला दोन्ही पटेना. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही असता कामा नये, हा पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५००चा निकष त्या पाण्याने खरोखरच पूर्ण केला असणार. पण हिपॅटायटीस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, बहुतेकदा पाच-सहा. म्हणजे आमच्या पुतण्याने ते पाणी प्यायले असेल आषाढ-श्रावणाच्या सुमारास, ज्या दिवसांत आमची नाली रस्त्यावरून वाहत होती, आणि नमुना घेतला गेला भाद्रपदात, ऊन पडल्यानंतर. चोर येऊन गेल्यावर दीड महिन्याने दाराची कडी तपासावी आणि ती शाबूत असल्याचा दाखला द्यावा, तसे ते झाले. यात नमुना घेणाऱ्याची लबाडी नव्हती. कावीळ हा रोगच असा आहे की तो दिसतो तेव्हा त्याचे पाणी कधीच वाहून गेलेले असते.

दिल्लीत १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले होते. यमुनेचे पात्र बदलल्यामुळे नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत उलटे आले. यंत्रणेने तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवली, त्यामुळे विषमज्वर किंवा अतिसाराची साथ आली नाही, म्हणजे जंतूंच्या मापाने पाणी ठीकच राहिले. आणि तरीही काही आठवड्यांनी सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटीस ईची होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कित्येक वर्षांनी ठरले. भारतीय मानकात आज असे म्हटलेले आहे की नळाच्या टोकाला मुक्त, म्हणजे जंतू मारायला शिल्लक राहिलेला, क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम. मी हे दोन्ही आकडे दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते. आमच्या तोटीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो आकडा किती आहे, हे मात्र मी कधी मोजले नव्हते, याची मला लाज वाटली.

हा क्लोरीन मोजण्याची ओ.टी. चाचणी खेड्यापाड्यांत जलसुरक्षकाला आणि आरोग्य सेवकाला पाठ असते. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग किती गडद येतो ते पट्टीशी ताडून पाहायचे. हे रसायन आरोग्याला चांगले नाही, त्यामुळे चाचणी झालेले पाणी लांब फेकावे आणि हात धुवावेत. हल्ली गुलाबी रंग देणारी डी.पी.डी.ची गोळी अधिक योग्य मानली जाते, पण ती तेव्हा माझ्या हाताशी नव्हती. पुढच्या नळाच्या दिवशी पहाटे मी तीन परीक्षानळ्या, ओ.टी.ची बाटली आणि विजेरी घेऊन निघाले. सोबत आमचे हे होते, मुख्यतः कुत्र्यांसाठी. जलकुंभाच्या पायथ्याशी घेतलेल्या पाण्याला लिंबाच्या सालीसारखा ठसठशीत पिवळा रंग आला. गल्लीच्या मध्यावर, किराणा दुकानाजवळच्या तोटीला तो फिका झाला, आणि आमच्या तोटीला, नळ येऊन वीस मिनिटे झाल्यानंतरही, परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरली तर असल्याचा भास व्हावा इतपतच राहिला. पहिल्या धारेत काहीच नव्हते. मी ती परीक्षानळी सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाल्या, 'हे तं साधं पानी हाये.'

वास्तविक तेच तर बघायचे होते. क्लोरीन पाण्यात जसजसा पुढे जातो तसतसा तो गंजात, वाहिनीच्या आतल्या चिकट थरात आणि वाटेत भेटलेल्या घाणीत खर्च होत जातो. सहाशे-सातशे मीटरांच्या अंतरात तो इतका संपत असेल, तर वाटेत त्याला खाणारे काहीतरी आहे. क्लोरीन नसणे हा रोगाचा पुरावा नव्हे, पण धुराचा वास आल्यावर माणूस जसा चूल बघायला उठतो तसे उठायला हवे. मी ते तीन रंग कागदावर नोंदवून, तारीख-वेळ घालून, अर्जासोबत दिले. पोच मिळाली. नळ सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला मी विचारले तेव्हा तो हातातली लांब लोखंडी चावी भिंतीला टेकवून म्हणाला, 'मॅडम, म्या तं पानी बराबर सोळलं. आता पायपात काय घुसलं थे मले कसं मालूम?' त्याचे म्हणणे अगदी खरे होते. कोणालाच माहीत नव्हते.

ते दिसले ते दिवाळीनंतर. आमच्या टोकाला सतत ओल असते म्हणून नालीतला गाळ उपसण्यात आला, आणि गाळाखालून अकरा घरांचे नळजोड बाहेर आले. मुख्य वाहिनी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असल्यामुळे अलीकडच्या घरांच्या अर्ध्या इंची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) वाहिन्या नालीतून आडव्या गेलेल्या होत्या, आणि बहुतेक सर्व नालीच्या पाण्यात बुडालेल्या होत्या. आमच्या शेजाऱ्यांच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून वरून तारेने पीळ दिलेला होता. प्लंबरने पट्टी कापली तेव्हा खालचे लोखंड पापडासारखे सुटून आले आणि करंगळी जाईल एवढे छिद्र दिसले. ही पट्टी किती वर्षांपूर्वी बांधली असेल हे शेजाऱ्यांनाही आठवेना. पाणी गळते म्हणून बांधली, गळणे थांबले, विषय संपला. आमच्या स्वतःच्या जोडावर पट्टी नव्हती, पण आटे गंजून सैल झालेले होते, म्हणजे फुशारकी मारायला आम्हालाही जागा नव्हती.

गळणारी वाहिनी पाणी बाहेर टाकते, एवढेच आपल्याला दिसते. ती पाणी आत घेते ते दिसत नाही, कारण ते नळ नसतानाच्या आठ दिवसांत होते. व्हॉल्व्ह बंद झाला की उताराकडच्या तोट्यांतून वाहिनी रिकामी होत जाते, आत पोकळी निर्माण होते, आणि त्या छिद्रातून नालीचे पाणी आत ओढले जाते. नवव्या दिवशी पहाटे दाब आला की हाच मुरलेला ऐवज सर्वांत पुढच्या धारेबरोबर घरात येतो. ज्या घरी नळाला जोडून पाणी ओढणारा टिल्लू पंप आहे तेथे तर वाहिनीत पाणी असतानाही ओढ निर्माण होते. आमच्या गल्लीतील निम्म्या घरांत टिल्लू आहे, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या तोटीला धार येत नाही म्हणून तोही आज ना उद्या घेणार आहे. यात कोणाला दोष द्यावा हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्यात भर आमच्या काळ्या मातीची. वैशाखात ती भेगाळते, बैलाचा खूर अडकावा इतक्या रुंद भेगा पडतात, आणि मृगाचा पाऊस झाला की तीच माती फुगून भेगा मिटवते. जमिनीखालची वाहिनी या ओढाताणीत दरवर्षी वाकते आणि सांधे सैल होतात, विशेषतः जुन्या ए.सी. (ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या) वाहिन्यांचे. पहिल्या दोन पावसांनंतर गावात जागोजागी खड्डे खणलेले दिसतात त्याचे हे कारण आहे. नेमक्या त्याच दिवसांत नाल्याही भरून वाहतात, म्हणजे वाहिनीला छिद्र पडणे आणि छिद्राभोवती घाण असणे या दोन्ही गोष्टींचा मुहूर्त येथे एकच असतो.

मधल्या काळात मी विद्यार्थ्यांना घेऊन जलशुद्धीकरण केंद्रही पाहून आले. मनात थोडा राग घेऊनच गेले होते, पण तेथे राग धरण्यासारखे फारसे सापडले नाही. धरणाचे पाणी कारंज्यावरून हवेत खेळवले जाते, तुरटीने गढूळपणा गोळा होऊन खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, थर तुंबला की खालून उलट्या दाबाने धुतला जातो, आणि शेवटी क्लोरीन. चालक पावसाळ्यात दर दोन तासांनी गढूळपणा मोजून तुरटीची मात्रा बदलत होता आणि त्याची नोंदवही नीट होती. मानकाप्रमाणे गढूळपणा १ एन.टी.यू.च्या आत असावा. त्या दिवशी तो होता. मुलांनी तेथले पाणी ओंजळीने प्यायले, मीही प्यायले. तेथून निघणाऱ्या पाण्याबद्दल मला आज शंका नाही. ते पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत बऱ्यापैकी शाबूत येते आणि शेवटच्या तीनशे मीटरांत बिघडते. योजनेचा पैसा धरणाकडे, पंपांकडे आणि मुख्य वाहिनीकडे जातो, तेथे फलक लागतात, उद्घाटने होतात. नालीत बुडालेल्या अर्ध्या इंची जोडाचे उद्घाटन कोणी करत नाही, आणि कागदोपत्री तो घरमालकाच्या मालकीचा असल्यामुळे त्याची तपासणीही कोणी करत नाही.

साथीनंतर गावाने आपल्या परीने उपाय केला तो म्हणजे कॅन लावला. आमच्या गल्लीत आता सकाळी चिल्ड पाण्याची तीन वाहने येतात. कॅनवाल्या मुलाकडे पेनाएवढे टी.डी.एस. (विरघळलेले क्षार मोजणारे) मीटर असते, तो ते नळाच्या पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो, मग आपल्या पाण्यात बुडवतो आणि पाचपट लहान आकडा दाखवतो, आणि व्यवहार पक्का होतो. बोअरच्या खाऱ्या पाण्यासाठी हे मीटर उपयोगी आहे, यात वाद नाही. मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, आणि आमचे बोअर त्याच्याही वर जाते. पण हे मीटर मोजते ती पाण्याची वीज वाहण्याची क्षमता. मी वर्गात एका पेल्यात दोन चमचे साखर विरघळवून मीटर बुडवले. आकडा जवळजवळ हलला नाही. दुसऱ्या पेल्यात मिठाची चिमूट टाकली तेव्हा तो उसळून वर गेला. मुले हसली. मग मी विचारले की नालीच्या पाण्याचे चार थेंब टाकले तर आकडा किती हलेल, तेव्हा हसणे थांबले. आर.ओ. यंत्रात पाणी जाण्याआधी त्यातला क्लोरीन काढून टाकलेला असतो, त्यामुळे कॅनमध्ये आलेल्या पाण्याला पुढे कोणाचेच संरक्षण राहत नाही. कॅन कशाने धुतला, तोटीला कोणाचा हात लागला, यावर सगळे अवलंबून. हे कॅन सीलबंद नसतात. मी कॅनवाल्यांच्या पोटावर उठलेली नाही, पण सहा जणांच्या घराला रोज एक कॅन म्हटले तर महिन्याचा खर्च पाणीपट्टीला लाजवतो, आणि तो ज्यांना झेपत नाही ते शेवटच्या टोकाचे लोक तीच तांबूस धार पितात.

नवव्या दिवसाचे गणित मी एकदा मांडून पाहिले. टिल्लू न लावता आमची पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरते, म्हणजे तासाभरात नऊशे लिटर. सहा माणसे, नऊ दिवस: माणशी दिवसाला साधारण सतरा लिटर गोडे पाणी. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी १३५ लिटर आणि ते नसलेल्या शहरासाठी ७० लिटर असे प्रमाण धरलेले आहे, आणि १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील घराला माणशी ५५ लिटरांचे उद्दिष्ट ठेवले. हे पाणी नऊ दिवस पुरवायचे म्हणजे ड्रम, टाकी, रांजण, कळशी, जे असेल ते भरून ठेवणे आले. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत पोहोचायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळावा असे आरोग्य विभाग सांगतो. आशाताई आमच्या दारात हे सांगायला आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना पाणी दिले आणि विचारले, 'नळ नवव्या दिवशी येते, आठव्या दिवशी ड्रम उलटा केला तं पोरांईले काय पाजू?' आशाताईंच्या स्वतःच्या गल्लीत नळ अकराव्या दिवशी येतो. त्या हसल्या आणि ड्रमला फडके बांधायला सांगून पुढच्या घरी गेल्या.

खंडित पुरवठा म्हणजे केवळ गैरसोय, असे मी समजत आले होते. कर्नाटकातील हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना चोवीस तास पाणी देण्यात आले आणि बाकीच्या शहराला पूर्वीप्रमाणे काही दिवसांआड. २०१० च्या पुढच्या काळात संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. एकाच केंद्रात शुद्ध झालेले पाणी. पण खंडित पुरवठ्याच्या जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय सापडला आणि अखंड पुरवठ्यात हे प्रमाण शंभर नमुन्यांमागे एकाहूनही कमी निघाले. पहिल्या धारेचे पाणी सर्वांत वाईट असल्याचेही त्यांनी नोंदवले. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही. वाहिनी सतत भरलेली आणि दाबाखाली असेल तर छिद्रातून पाणी बाहेर जाईल, आत काही येणार नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे.

'चोवीस तास द्यायला पाणी कुठे आहे?' हा प्रश्न मला लगेच विचारण्यात आला आणि तो रास्त आहे. पण मलकापूर शहराने, म्हणजे आपल्या बुलढाण्याच्या नव्हे तर कऱ्हाडजवळच्या मलकापूरने, वाहिन्या आणि नळजोड बदलून, प्रत्येक घराला मीटर बसवून आणि वापराप्रमाणे चढते दर लावून हे करून दाखवलेले आहे, आणि तेही आमच्याएवढेच लहान गाव आहे. आमच्याकडे पाणीपट्टी वर्षाची ठोक आहे. माझ्या घरी माणशी सतरा लिटर येवो वा पलीकडच्या बंगल्यात टिल्लूने दोनशे येवो, आकडा एकच. मीटर म्हटले की गावात वादळ उठते, आणि निवडणूक तोंडावर असताना तो शब्द कोणी उच्चारत नाही. उद्याच चोवीस तास पाणी द्या असे मीही म्हणत नाही. नऊ दिवसांनी तासभर देण्याऐवजी तेच पाणी तीन दिवसांनी वीस मिनिटे दिले तरी वाहिनी कमी काळ रिकामी राहील, ड्रम आठवड्याच्या आत रिकामे होतील, असे मी अर्जात लिहिले होते. त्यावर, व्हॉल्व्ह फिरवणारी माणसे दोनच आहेत, असे उत्तर तोंडी मिळाले. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ४९ प्रमाणे पाणीपुरवठा हे बंधनकारक कर्तव्य आहे. त्या कर्तव्याचे हात सध्या चार आहेत, असा त्याचा अर्थ.

नळजोडांचे काम मात्र झाले, आणि ते आम्हीच केले. अकरापैकी नऊ घरांनी वर्गणी काढली, फाटलेल्या लोखंडी वाहिन्या काढून काळी एच.डी.पी.ई. (प्लास्टिकची) वाहिनी घातली, आणि ती नालीतून न नेता नालीच्या भिंतीवरून कमान करून उचलून घेतली. दोन घरे वर्गणीत आली नाहीत. एकात भाडेकरू आहेत आणि मालक नागपूरला असतो. दुसऱ्या घरी एकट्या आजी आहेत, त्यांचा जोड आम्ही परस्पर बदलून टाकला. भाडेकरूंचा जोड अजून नालीतच आहे, सायकलच्या ट्यूबसह, आणि तो ज्या मुख्य वाहिनीला जोडलेला आहे तिलाच आम्हीही जोडलेले आहोत.

पुतण्या महिनाभराने कॉलेजला गेला, काकूंची मुलगी सासरीच सुखरूप बाळंत झाली. मी आता प्रत्येक नळाच्या दिवशी, पहिल्या धारेला एकदा आणि वीस मिनिटांनी एकदा, डी.पी.डी.ची गोळी टाकून रंग पाहते आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात आकडा लिहून ठेवते. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळल्याशिवाय कोणी पीत नाही. गेल्या मंगळवारी वीस मिनिटांनंतर ०.२ आला, काम झाल्यापासून मानकाच्या उंबरठ्याला आमची तोटी पहिल्यांदाच पोहोचली. पहिल्या धारेला शून्य होता. त्या दोन बादल्या घेऊन सासूबाई कढीपत्त्याकडे गेल्या.